जिनिव्हातील रिकामे न्यायासन आणि भिवंडीचा माग

भिवंडीत माग थांबले की त्याची कारणे गावाच्या वेशीच्या आतच शोधण्याची आपल्याला सवय जडली आहे. सुताचे भाव चढले, विजेचे बिल भारी आले, कारागीर मुलखाला गेले, व्यापाऱ्याने पैसे अडकवून ठेवले, अशी ती कारणे असतात आणि ती खोटी नसतात. परंतु ज्याच्या दारावर मोर्चा नेता येत नाही असेही एक कारण आहे. जगाच्या कापडव्यापाराचे नियम कोण करतो आणि ते नियम मोडणाऱ्या बलाढ्य राष्ट्राला जाब कोण विचारतो, या प्रश्नाशी ते निगडित आहे. २०१९ सालच्या अखेरीपासून या प्रश्नाच्या उत्तरार्धाला उत्तर उरलेले नाही. ही स्थिती अशीच चालू राहिली तर तिची किंमत दोन-चार माग घालून बसलेल्या मागवाल्याला आणि त्याच्या मागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला मोजावी लागेल. ती टाळण्यासाठी भारताने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भिवंडीचे कोरे कापड बहुतांशी देशातच खपते, मग जिनिव्हाच्या कारभाराशी त्याचा संबंध काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो वरवर योग्य वाटतो. पण कापडाचा प्रवास पाहावा. कापूस विदर्भ-मराठवाड्यात वा गुजरातेत पिकतो, सूत दूरच्या गिरण्यांत कातले जाते, भिवंडीत त्याला सायझिंग होऊन बीम मागावर चढते, आणि विणलेले ताके मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत गुजरात-राजस्थानातील रंगाई-छपाईच्या कारखान्यांकडे जातात. या साखळीच्या टोकाला असलेल्या तयार कपड्यांच्या निर्यातदाराची मागणी आटली की त्याच्यासाठी बनलेला माल देशी बाजारात उतरतो आणि तेथील भाव पाडतो. त्या पडझडीत व्यापारी आपला नफा सांभाळतो आणि मजुरीवर विणणाऱ्याचा दर कमी करतो. मागवाल्याने एकही मीटर कापड परदेशी पाठविलेले नसले तरी परदेशातील निर्णय त्याच्या दारापर्यंत येऊन पोचतो, तो असा.

असा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ टक्के, असे एकूण ५० टक्के जादा आयातशुल्क लादले. अमेरिका हा आपल्या कापड व तयार कपड्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश आहे. या आकड्याचे पुढे वाटाघाटींत वर-खाली होणे हा भाग निराळा. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जागतिक व्यापार करारांत शुल्काची जी मर्यादा त्या राष्ट्राने स्वतः मान्य केली होती ती त्याने एका हुकुमाने ओलांडली, आणि ज्याच्यावर हा प्रहार झाला त्याला अंतिम निर्णय मागावयास जागा उरलेली नव्हती.

सवलत आणि हक्क

ज्या व्यवस्थेविषयी आपण बोलत आहोत तिच्या पायाभरणीत भारत परका नव्हता. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे नाणेनिधी व जागतिक बँक यांची आखणी झाली तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. १९४७ सालच्या ‘गॅट’ करारावर सही करणाऱ्या मूळच्या २३ सभासदांतही भारताचा समावेश होता. परंतु सभेत जागा मिळणे आणि सभेचा नियम आपल्या मालाला लागू होणे यांत पुष्कळ अंतर असते. कापडाने हे अंतर सर्वांत कडवटपणे अनुभविले.

सर्व सभासदांना सारखी वागणूक हे ‘गॅट’चे तत्त्व होते. तथापि गरीब देशांना ज्या मालात श्रीमंतांशी स्पर्धा करता येण्यासारखी होती तोच माल या तत्त्वातून वगळण्यात आला. १९६१ साली सुती कापडासाठी एक अल्पमुदतीची व्यवस्था झाली, १९६२ मध्ये ती दीर्घ मुदतीची झाली, आणि १ जानेवारी १९७४ पासून सुती, लोकरी व कृत्रिम धाग्यांच्या मालाला कवेत घेणारा ‘मल्टी-फायबर’ करार अंमलात आला. कोणत्या देशातून कोणत्या जातीचा किती माल यावा याचे कोटे श्रीमंत राष्ट्रे एकेका देशाला वेगळे गाठून ठरवू लागली. हातमागाच्या कापडाला त्यातून सूट होती, यंत्रमागाला नव्हती. कोटा हाती असलेला निर्यातदार तोऱ्यात राही, कोट्यांचीही खरेदी-विक्री होई, आणि मागवाला मात्र या व्यवहारापासून दूरच असे. याच १९७४ सालच्या १ मे रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेची घोषणा केली, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. घोषणा न्यूयॉर्कमध्ये गाजत राहिली आणि कोट्यांचे तक्ते निमूटपणे भरले जात राहिले.

त्या काळात गरीब देशांच्या पदरात पडलेली दुसरी गोष्ट म्हणजे सवलत. १९६४ साली जिनिव्हात ७७ देशांचा गट स्थापन झाला. १९६८ मध्ये नवी दिल्लीस व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले आणि त्यातील विचारविनिमयातून विकसनशील देशांच्या मालाला कमी शुल्काची योजना आकारास आली. या योजनेचा उपयोग झाला नाही असे नाही. परंतु अमेरिकेच्या योजनेतून कापड-कपडे मुख्यतः वगळलेलेच होते, आणि जून २०१९ मध्ये त्या देशाने भारताला दिलेली ही सवलत काढूनही घेतली. सवलत ही दात्याच्या मर्जीवर चालते. तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. दाद मागण्यासाठी हक्क लागतो, आणि हक्काच्या अंमलबजावणीसाठी न्यायासन लागते.

हा हक्क कापडाला कसा मिळाला, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. एकेकट्याने वाटाघाटी करून आपण हरतो हे उमगल्यावर भारत, पाकिस्तान, ब्राझील, कोलंबिया, इजिप्त, दक्षिण कोरिया अशा आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या तिन्ही खंडांतील निर्यातदार देशांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास जिनिव्हात आपली संयुक्त संस्था उभारली. ‘इंटरनॅशनल टेक्स्टाइल्स अँड क्लोदिंग ब्यूरो’ हे तिचे नाव. हे देश एकमेकांचे मित्र होते असे नव्हे. बाजारात ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, आणि भारत-पाकिस्तानांविषयी तर काही सांगावयासच नको. तरीही कोटापद्धती गेली पाहिजे या एका मागणीवर ते एकत्र राहिले. उरुग्वे फेरीत बौद्धिक संपदा आणि सेवाव्यापार यांबाबत विकसनशील देशांना जे मान्य करावे लागले त्याच्या मोबदल्यात त्यांनी कोट्यांची अखेर पदरात पाडून घेतली. ती दहा वर्षांच्या हप्त्यांनी व्हावयाची होती. श्रीमंत राष्ट्रांनी निरुपद्रवी जिन्नस आधी मोकळे करून ४९ टक्के भाग शेवटच्या दिवसावर ठेवला. पण तो दिवस उजाडला, आणि १ जानेवारी २००५ रोजी कोटे संपले.

लहानांचे न्यायालय

१९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर अपिलाचे न्यायमंडळ आले. त्याचे सात सदस्य, चार वर्षांची मुदत, एका प्रकरणास तिघांचे पीठ, अशी त्याची घडण होती. या मंडळापुढे आलेल्या पहिल्याच काही प्रकरणांत कापड होते. मध्य अमेरिकेतील चिमुकल्या कोस्टा रिकाने अंतर्वस्त्रांवरील निर्बंधांविरुद्ध अमेरिकेवर फिर्याद केली आणि १९९७ मध्ये ती जिंकली. त्याच वर्षी लोकरी शर्ट-ब्लाउजच्या प्रकरणात भारत अमेरिकेविरुद्ध जिंकला. १९९९ साली कापडावरील निर्बंधांच्या प्रश्नावर भारताने तुर्कस्तानाविरुद्ध निकाल मिळविला. २००१ मध्ये पाकिस्तानने सुती धाग्याच्या प्रकरणात अमेरिकेला हरविले आणि अमेरिकेने तो निर्बंध उठविला. लष्करी वा आर्थिक सामर्थ्याने यांपैकी कोणत्या देशाला अमेरिकेकडून असे काही वदवून घेता आले असते?

कापसाचे प्रकरण याहून बोलके आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये दावा लावला. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बेनिन व चाड हे गरीब देश त्यात त्रयस्थ पक्षकार म्हणून उतरले, भारतही उतरला. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या चौघांनी कापसाचा प्रश्न संघटनेपुढे स्वतंत्रपणे मांडला. मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने कौल दिला. अनुदानाच्या जोरावर अमेरिकी कापूस स्वस्तात विकला गेला की यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याचा आणि मालीच्या शेतकऱ्याचा भाव एकाच वेळी पडतो. त्यामुळे हा खटला आपलाही होता. अर्थात त्याची अखेर समाधानकारक झाली असे म्हणता येणार नाही. २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. आफ्रिकेतील चौघांना वा विदर्भाला त्यातून काही मिळाले नाही. ज्याला प्रतिटोला देण्याची ताकद आहे त्याला भरपाई आणि इतरांना नैतिक विजय, हा या न्यायव्यवस्थेतील दोष आहे. परंतु दोष असलेले न्यायालय आणि न्यायालयच नसणे यांत निवड करावयाची झाल्यास दुर्बलाने कोणते निवडावे, हे सांगावयास नको.

नेमके तेच न्यायालय आज बंद आहे. सदस्यांच्या नेमणुकीस सर्वांची संमती लागते आणि अमेरिकेने ती संमती वर्षानुवर्षे रोखून धरली. मंडळाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली, ही तिची तक्रार. १० डिसेंबर २०१९ रोजी दोन सदस्यांची मुदत संपली आणि पीठ बसण्यास आवश्यक असलेले तीन सदस्य उरले नाहीत. त्या दोघांपैकी एक भारताचे उजलसिंग भाटिया होते. ३० नोव्हेंबर २०२० रोजी शेवटचा सदस्यही निवृत्त झाला. त्यानंतर खालच्या पातळीवर हरलेल्या देशाला एक सोपी वाट सापडली. त्याने अपील दाखल करावे. ऐकणारे कोणी नसल्याने निकाल कायमचा लोंबकळत राहतो.

आपलाही हात

या रिकाम्या दालनाचा लाभ केवळ बलाढ्यांनी घेतला असता तर आपले काम सोपे होते. पण भारतानेही तो घेतला आहे, आणि तोही महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याच्या पिकासाठी. ऊस व साखर यांना दिलेल्या साहाय्याबद्दल ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली. उसाचा भाव सरकार देत नाही, साखर कारखाने देतात, असा भारताचा युक्तिवाद होता; तो डिसेंबर २०२१ मध्ये फेटाळला गेला. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले, आणि ते अपील ऐकणारे कोणीच नसल्याने प्रकरण तेथेच थांबले. ऊस उत्पादकाला त्यामुळे दिलासा मिळाला हे खरे. परंतु ज्या युक्तीने आपण साखरेचा निकाल गोठविला तीच युक्ती उद्या कापडाच्या प्रकरणात आपल्याविरुद्ध वापरली गेल्यास तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपण गमावून बसतो.

इतर देश मात्र स्वस्थ बसलेले नाहीत. एप्रिल २०२० पासून युरोपीय संघ, ब्राझील, चीन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आदींनी आपसांतील वादांपुरती अपिलाची हंगामी लवाद-व्यवस्था उभी केली. जपान २०२३ मध्ये आणि ब्रिटन २०२५ मध्ये तिच्यात आले. या यादीतील काही नावे वाचकाला ओळखीची वाटतील. अंतर्वस्त्रांचा खटला जिंकणारा कोस्टा रिका तिच्यात आहे, सुती धाग्याचा खटला जिंकणारा पाकिस्तान आहे, कापसाचा खटला लढणारा ब्राझील आहे आणि त्याच्याबरोबर उभा राहिलेला बेनिनही आहे. शर्ट-ब्लाउजचा खटला जिंकणारा भारत मात्र बाहेर आहे.

भारताच्या बाहेर राहण्याला कारणे आहेत आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. हंगामी व्यवस्था रुळली की मूळ मंडळ पुन्हा जिवंत करण्याचा अमेरिकेवरील दबाव ओसरेल, हे एक. अन्नधान्याची सरकारी खरेदी आणि शेतमालाचे भाव यांविषयीचे आजचे नियम जुन्या काळी श्रीमंतांच्या सोयीने लिहिले गेले आहेत. ते न बदलता न्यायालय तेवढे सुरू केले तर अन्याय्य नियमच काटेकोरपणे अंमलात येतील, हे दुसरे. २०१३ साली बाली येथे सरकारी धान्यसाठ्यांसाठी तात्पुरते अभय मिळाले; त्यावरील कायमचा तोडगा अद्याप निघालेला नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष बाहेर राहण्याचा नसून आत शिरून सौदा करण्याचा आहे. कोटे गेले ते कापडनिर्यातदार देशांनी ‘गॅट’वर बहिष्कार टाकल्यामुळे गेले नाहीत. ते एकत्र येऊन, मोबदला देऊन आणि तारखा लिहून घेऊन गेले.

म्हणून भारताने लॅटिन अमेरिका, आफ्रिका व आग्नेय आशिया यांतील देशांशी बोलून एक स्पष्ट प्रस्ताव मांडावा असे वाटते. हंगामी अपील व्यवस्थेत आम्ही येतो. तिच्यात असलेल्यांनी धान्यसाठ्यांचा कायम तोडगा आणि कापसावरील अनुदानांची कपात यांसाठी आमच्याबरोबर उभे राहावे. युरोपला असे सांगण्याची हीच वेळ आहे. बहुपक्षीय व्यवस्थेचा कैवार युरोप घेतो खरा, पण पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम आदी मालावर कार्बनचा आकार लावण्याचा नियम त्याने स्वतःपुरता ठरविला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो पूर्णपणे लागू केला. कापड आज त्यात नाही. उद्या आले तर भिवंडीच्या जुन्या धोट्याच्या मागांना कोण विचारणार? अशा नियमांची चर्चा सर्वांच्या सभेत व्हावी आणि त्यांविरुद्ध दाद लागावी, यासाठीही न्यायासन हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीत आफ्रिकी संघाला ‘जी-२०’ मध्ये कायमची जागा मिळाली, त्याचे श्रेय भारताने योग्य रीतीने घेतले. त्या जागेला अर्थ यावयाचा तर तिच्या पाठीमागे कोणालाही मोडता न येणारा नियम असला पाहिजे.

घरातील न्याय

या मागणीची आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. ‘भारताचे हित’ असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्याच्या पोटात अनेक हिते असतात आणि ती परस्परांशी भांडतात. अमेरिकी शुल्काचा तडाखा बसताच केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षअखेरपर्यंत आयात कापसावरील ११ टक्के शुल्क उठविले. सूतगिरण्यांना आणि पर्यायाने मागवाल्यांना ते हवेच होते. ऐन हंगामाच्या तोंडावर विदर्भाच्या शेतकऱ्याला ते जाचक वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात बांगलादेशाच्या तयार कपड्यांना जमिनीवरील नाक्यांतून येण्यास भारताने मनाई केली आणि न्हावा-शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. स्वदेशी उत्पादकांना ते रुचले. पण शेजारच्या दुर्बलाशी आपण एका फर्मानाने वागावे आणि वॉशिंग्टनच्या फर्मानाबद्दल मात्र तक्रार करावी, यातील विसंगती जगाच्या नजरेतून सुटत नाही.

आणि शेवटी भिवंडीचा कामगार. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचे विणकाम अधिकाधिक यंत्रमागांकडे वळले. काम आले, परंतु गिरणी कामगाराने कित्येक वर्षे लढून मिळविलेले संरक्षण त्या कामाबरोबर आले नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला माणूस बारा-बारा तासांच्या पाळीत मागाच्या खडखडाटात उभा असतो आणि त्याची मजुरी विणलेल्या मीटरावर ठरते. निर्यातीची दारे उघडली तर त्याच्या मजुरीत भर पडेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दारे बंद झाली तर कपात प्रथम त्याच्यापासून सुरू होईल, हे मात्र निश्चित. जागतिक सभेत आपल्याला दाद मिळावी अशी मागणी करणाऱ्या देशाने आपल्या मागखात्यातील माणसाला दाद मागण्याची जागा द्यावयास हवी. कारखाने निरीक्षक आणि कामगार न्यायालय ही भिवंडीसाठी जिनिव्हाइतकीच महत्त्वाची दालने आहेत, आणि तीही रिकामी राहता कामा नयेत.

जगातील निरनिराळ्या प्रदेशांनी एकत्र यावे असे म्हणताना आपण पुष्कळदा बंधुभावाची भाषा वापरतो. कापडाचा इतिहास याहून व्यवहारी धडा देतो. प्रतिस्पर्धी राहूनही एका नियमावर एकत्र येता येते, तो नियम बलाढ्यांकडून मान्य करून घेता येतो, आणि त्याची अंमलबजावणी न्यायासनामार्फत करवून घेता येते. हे साधण्यास तीन दशके लागली आणि त्याचे रक्षण न केल्याने ते पंधरा वर्षांत निसटू लागले. ते पुन्हा उभारण्यासाठी भारताला एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागेल. साखरेच्या प्रकरणात विरुद्ध गेलेला निकालही ऐकण्याची तयारी ठेवावी लागेल. ज्या न्यायालयात आपण कधीही हरणार नाही अशी खात्री आहे, त्या न्यायालयाचा निकाल अमेरिकेने मानावा ही अपेक्षा कोणीही पुरी करणार नाही.